सारसोळ्याची भरती आणि विमानाचा नंबर

नवी मुंबईत नेरुळ स्टेशनला उतरून पश्चिमेकडे, खाडीच्या दिशेने चालू लागले, की सिडकोच्या सेक्टरांच्या मधोमध एक जुने गाव लागते. हे सारसोळे. सेक्टरांना आकडे असतात, गावाला नाव असते. तेवढ्यावरून परक्या माणसालाही कळते, की इथे आधी कोण आले आणि मागाहून कोण. घरे एकाला एक लागून, गल्ल्या अरुंद, आणि चहूबाजूंनी उंच इमारती. गावाच्या आणि खाडीच्या मधून आता पाम बीच रस्ता जातो. तो ओलांडला की तिवरांच्या झाडीतून वाट जेट्टीवर उतरते. तिथे होड्या लागलेल्या दिसतात. ओहोटी असेल तर त्या चिखलात टेकलेल्या, भरती असेल तर पाण्यावर डुलणाऱ्या.

हा सारा आगरी-कोळी मुलूख. पावसाळ्यात खारभात, उन्हाळ्यात मिठागरे आणि बारमाही खाडीतली मासळी, अशा तीन आधारांवर इथली घरे उभी राहिली. खारवट जमिनीत भात घेणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. खाडीचे पाणी आत शिरू नये म्हणून बांध घालायचा, पहिल्या पावसाने मातीतले मीठ धुऊन जाऊ द्यायचे, आणि मग मोड आणलेले बी, म्हणजे रहू, फेकायचे. घाई केली तर मीठ रोप जाळते, उशीर केला तर पुढचा हंगाम चुकतो. जवळच पनवेलला खारभूमी संशोधन केंद्र आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या या केंद्राने पनवेल १, पनवेल २ आणि पनवेल ३ अशा क्षार सोसणाऱ्या भाताच्या जाती शेतकऱ्यांना दिल्या. पण जात कितीही चांगली असली, तरी बी टाकण्याचा दिवस शेतकऱ्यालाच ओळखावा लागतो.

मग सिडको आली. १७ मार्च १९७० रोजी या महामंडळाची स्थापना झाली आणि ठाणे व रायगड या दोन जिल्ह्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. भाताची खाचरे गेली, मिठागरे गेली. जमिनीच्या मोलासाठी जानेवारी १९८४ मध्ये उरण भागात मोठे आंदोलन झाले. १६ आणि १७ जानेवारीच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. या लढ्याचे पुढारी होते दि. बा. पाटील. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ शेतकऱ्याला परत देण्याची योजना पुढे आली, ती याच लढ्यामुळे.

आता या मुलखात विमानतळही झाला आहे. सारसोळ्याहून खाडीच्या पलीकडे, आग्नेयेला, उलवे-पनवेल भागात सुमारे १,१६० हेक्टरांवर तो पसरला आहे. उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला, गावे उठली, तेव्हा कुठे धावपट्टी तयार झाली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमाने उडू लागली. त्याआधी जून २०२१ मध्ये, विमानतळाला दि. बा. पाटलांचेच नाव द्यावे म्हणून या पट्ट्यातले भूमिपुत्र हजारोंनी रस्त्यावर उतरले होते. त्यांनी मानवी साखळी धरली होती, सिडकोला घेराव घातला होता. सारसोळ्याहून या विमानतळाला जायला गाडीने दहा-पंधरा किलोमीटर पडतात.

आमच्या भागातल्या भेंडी आणि भाजीपाला करणाऱ्या शेतकऱ्यांचा दहा जणांचा गट याच वर्षी फेब्रुवारीत बंगळूरला गेला, तो या विमानतळावरून. बंगळूरजवळ हेसरघट्ट्याला भारतीय बागवानी संशोधन संस्था आहे. भेंडीची ‘अर्का अनामिका’ ही जात तिथलीच. ती संस्था डोळ्यांनी पाहावी, अशी सर्वांची फार दिवसांची इच्छा होती. खर्च ज्याचा त्याने केला. गटात तीन बाया होत्या आणि दहापैकी नऊ जण विमानात प्रथमच बसणार होते. गटातल्या एकाची लेक सारसोळ्यात दिली आहे, म्हणून आदल्या रात्रीचा मुक्काम तिच्या घरी झाला. विमान सकाळी साडेनऊचे होते.

भरतीचा हिशेब

जेवणे झाल्यावर लेकीचे सासरे आमच्याबरोबर ओटीवर बसले. सगळा जन्म खाडीत गेलेला माणूस. बोलता बोलता विषय भरतीवर आला. किनाऱ्यावर भरती काढण्याचा एक ठोकळ हिशेब आहे, तो त्यांनी आम्हाला बोटांवर करून दाखवला. तिथीचा जो आकडा असेल त्याची पाऊणपट करायची. येईल तो भरतीचा तास. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला आठ पाऊण सहा. पुनवेला आणि अवसेला बाराच्या आसपास. दिवसाला जी वेळ तीच थोड्या फरकाने रात्रीला. खाडीत जितके आत जावे तितकी भरती थोडी मागे पडते, तेवढे हिशेबात धरायचे.

यामागचे कारण सरळ आहे. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. पाऊणपट म्हणजे दिवसाला पंचेचाळीस मिनिटे. पंचांग हाती असलेल्या माणसाला यापेक्षा सोपा हिशेब नाही. पुनवेच्या आणि अवसेच्या आगेमागे पाणी जोरात चढते, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास जोर कमी असतो, तो भांग. डोल जाळे लावायचे तर पाण्याला ओढ हवी, म्हणून उधाणाचे दिवस महत्त्वाचे. होडी बाहेर काढायची ती पाणी असतानाच. पाणी गेले की होडी चिखलात, आणि मग पुढची भरती येईस्तोवर बसून राहायचे.

“साहेब, पानी कोनासाठी थांबत नाय,” ते म्हणाले. “पन येतंय कवा, ते आधीच ठावं असतं. मंग धावायचं कशाला?”

दुसऱ्या दिवशी विमानतळावर मला हे बोलणे वारंवार आठवले. विमानाच्या प्रवासातही एक अशीच वेळ आहे. ती आधीपासून ठाऊक असते, फुकट असते, आणि तरीही बहुतेक जण ती घालवून बसतात आणि मग धावतात.

दोन दिवस आधी उघडणारे दार

एसटीचे आरक्षण केले की आसनाचा क्रमांक तिकिटावरच येतो. विमानाचे तसे नसते. तिकीट काढले म्हणजे त्या विमानात जाण्याचा हक्क मिळाला, पण कोणत्या जागेवर बसायचे हे अजून ठरलेले नसते. ते ठरते ‘चेक-इन’ करताना. चेक-इन म्हणजे, “मी येतो आहे, माझी जागा पक्की करा,” असे कंपनीला कळवणे. ते विमानतळावरच्या खिडकीवर करता येते, तसेच घरबसल्या मोबाईलवरही करता येते. त्यानंतर मिळतो तो बोर्डिंग पास. त्यावर जागेचा क्रमांक, विमानात चढण्याचे दार आणि चढण्याची वेळ छापलेली असते.

देशातल्या देशात उडणाऱ्या विमानांसाठी आपल्याकडच्या बहुतेक कंपन्या मोबाईलवरचे चेक-इन सुटण्याच्या ४८ तास आधी उघडतात आणि सुटण्याच्या सुमारे एक तास आधी बंद करतात. गुरुवारी सकाळी साडेनऊचे विमान असेल तर मंगळवारी सकाळी साडेनऊला दार उघडले असे समजावे. कंपनीकंपनीचा नियम थोडा वेगळा असतो, परदेशी जाणाऱ्या विमानांचा आणखी वेगळा असतो, तेव्हा तिकिटावर लिहिले असेल तेच खरे मानावे. यासाठी दोनच गोष्टी हाताशी लागतात. तिकिटावरचा सहा अक्षरांचा पीएनआर क्रमांक आणि प्रवाशाचे आडनाव किंवा तिकिटावर दिलेला ईमेल.

दार उघडल्यावर मोबाईलवर विमानाचा नकाशा दिसतो. काही जागा पैसे भरून घ्यायच्या असतात, त्यांवर किंमत लिहिलेली असते. पुढच्या रांगांच्या, पाय पसरायला जास्त मोकळीक असलेल्या आणि खिडकीकडच्या जागा बहुधा महाग. काही जागा बिनपैशाच्या असतात, पण त्या थोड्या. ज्याला एकही पैसा जादा न देता घरच्यांजवळ बसायचे आहे, त्याने दार उघडताच आत जावे. जसजसा वेळ जातो तसतशा या जागा उचलल्या जातात आणि शेवटी उरतात त्या इकडे एक, तिकडे एक.

आमच्या गटात हे समोरच पाहायला मिळाले. तिकिटे दोन वेळा काढली होती. एकावर सहा जण, दुसऱ्यावर चार. सहा जणांचे चेक-इन गटातल्या एकाच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने मंगळवारी सकाळी वेळ धरून केले. तिला तीन-तीनच्या दोन जोड्या एकामागे एक मिळाल्या, पैसा न देता. चौघांच्या तिकिटाचे काम ज्याच्याकडे होते, त्याने ते गुरुवारी सकाळी गाडीत बसल्यावर उरकले. चौघांना चार टोकांच्या जागा मिळाल्या. त्यांतल्या साठीच्या काकू दोन अनोळखी माणसांच्या मधल्या जागेवर बसल्या. विमान धावपट्टीवर वेग घेऊ लागले तेव्हा त्यांनी डोळे घट्ट मिटले होते आणि हात धरायला आपले माणूस जवळ नव्हते. शेजारच्या बाईने आपणहून त्यांचा हात हातात घेतला, हे त्या बाईचे मोठेपण. पण दोन मिनिटांचे काम दोन दिवस आधी झाले असते, तर काकूंचा लेक शेजारी बसला असता.

लहान मुले बरोबर असतील तर एक गोष्ट माहीत असावी. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल २०२४ मध्ये कंपन्यांना बजावले आहे, की एकाच पीएनआरवर प्रवास करणाऱ्या बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला आई किंवा बाप यांपैकी निदान एकाच्या शेजारची जागा द्यावी. म्हणून मुलांचे तिकीट आईबापांच्या तिकिटातच काढावे, वेगळे काढू नये. म्हाताऱ्या माणसांसाठी मात्र असा नियम नाही. त्यांच्यासाठी वेळ साधणे हाच उपाय.

नंबर कशाचा आणि कशाचा नाही

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आधी चेक-इन केले म्हणजे विमानात आधी चढायला मिळते, असे पुष्कळांना वाटते. आपल्याकडे तसे नाही. चढण्याचा क्रम बहुतेक ठिकाणी जागेच्या रांगेवरून किंवा बोर्डिंग पासवर छापलेल्या गटावरून ठरतो. ज्यांना चालायला त्रास आहे, ज्यांच्याबरोबर तान्ही मुले आहेत, त्यांना आधी सोडतात. बाकीच्यांना गटागटाने पुकारतात. म्हणून दाराशी तासभर आधी रांग लावून उभे राहण्यात काही अर्थ नसतो. आमच्यातले दोघे उत्साहाने सर्वांत पुढे जाऊन उभे राहिले होते. त्यांचा गट शेवटचा निघाला, तेव्हा त्यांना बाजूला होऊन सगळ्यांना वाट द्यावी लागली. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या आपल्या मंडळींना हे जरा नवे वाटते, पण विमानात तुमची जागा तुमचीच असते. ती कोणी पळवत नाही.

आधी चढण्याचा खरा फायदा एकच. डोक्यावरच्या कप्प्यात पिशवी ठेवायला जागा मिळते. मागाहून येणाऱ्याला आपली पिशवी चार रांगा दूर ठेवावी लागते. सामान थोडे असेल तर तोही प्रश्न नाही.

विमानात माणसे कशी चढवावीत यावर शास्त्रज्ञांनीही डोके चालवले आहे. जेसन स्टेफन या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञाने २००८ मध्ये गणिताने दाखवले, की मागच्या रांगांपासून पुढे अशी गठ्ठ्याने माणसे सोडली तर वेळ फारसा वाचत नाही, कारण सगळे एकाच ठिकाणी पिशव्या चढवत एकमेकांना अडवतात. खिडकीकडची माणसे आधी आणि तीही एक रांग सोडून एक अशी सोडली, तर काम लवकर होते. भाताची लावणी करणाऱ्याला हे सांगायला नको. चार बाया एकाच कोपऱ्यात खेटून लावू लागल्या तर कोपर कोपराला लागते. अंतर ठेवून उभ्या राहिल्या तर खाचर लवकर उरकते.

अमेरिकेतली रांग

चेक-इनच्या मिनिटावर चढण्याचा क्रमांक ठरण्याची पद्धत अमेरिकेत मात्र खरोखर होती. साउथवेस्ट नावाची कंपनी १९७१ पासून विमाने उडवते. तिचे ठाणे टेक्सासमधल्या डॅलस शहरात आहे. या कंपनीच्या विमानात जागांना प्रवाशांची नावे नसत. जो आधी चढेल त्याने हवी ती जागा घ्यावी. २००७ पासून तिने प्रवाशांना ए, बी, सी असे गट आणि प्रत्येक गटात १ ते ६० असे क्रमांक द्यायला सुरुवात केली. विमानाच्या दाराशी आकडे लिहिलेले खांब असत. आपल्या आकड्याच्या खांबाशी जाऊन उभे राहायचे. आणि हा आकडा कशावर ठरे? बरोबर २४ तास आधी चेक-इनचे दार उघडे, तेव्हा तुम्ही किती चटकन आत शिरलात यावर.

आपल्याकडची पुष्कळ मराठी मुले नोकरीनिमित्त त्या देशात आहेत. माझा एक पुतण्या टेक्सासमध्येच राहतो. आईबाप भारतातून आले आणि त्यांना कुठे फिरायला न्यायचे ठरले, की आदल्या दिवशी तो घड्याळ लावून बसायचा. मिनिट उलटले की बोट दाबायचे. दोन-चार मिनिटे हुकली तर ‘ए’चा ‘बी’ व्हायचा आणि आईबापांना एकत्र जागा मिळेल की नाही अशी धास्ती राहायची.

या पद्धतीत एक न्याय होता. गरीब असो की श्रीमंत, ज्याने वेळ साधली त्याचा नंबर आधी. पुढे कंपनीने २००९ मध्ये जादा पैसे घेऊन आपोआप लवकर चेक-इन करून देण्याची सोय काढली. ३६ तास आधीच त्यांचे नाव लागे. मग घड्याळ लावून बसणाऱ्याच्या पुढे पैसे भरणारे येऊन उभे राहू लागले. अखेर २७ जानेवारी २०२६ पासून साउथवेस्टने ती मोकळ्या जागांची पद्धतच बंद केली आणि इतर कंपन्यांसारखे जागांचे क्रमांक देणे सुरू केले. आता तिथेही चांगल्या जागेला वेगळा दाम आहे.

शेतकऱ्याची विमान कंपनी

असा मोकळ्या जागांचा प्रयोग आपल्या देशातही झाला होता आणि तो करणारा माणूस शेतकरी होता. कॅप्टन गोपीनाथ हे कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यातले. सैन्यातून बाहेर पडल्यावर त्यांनी गावी नैसर्गिक पद्धतीने शेती केली, रेशीम किडे पाळले. त्या कामासाठी १९९६ मध्ये त्यांना रोलेक्स पुरस्कार मिळाला. २००३ मध्ये त्यांनी एअर डेक्कन ही स्वस्त विमान कंपनी काढली. लहान गावांतल्या माणसालाही विमान परवडावे, हे तिचे धोरण होते. सुरुवातीच्या काळात तिच्या विमानात जागा ठरलेल्या नसत. आधी येईल त्याची आधी, त्यामुळे विमानाकडे अक्षरशः धावाधाव होई. २००८ मध्ये ती कंपनी किंगफिशरमध्ये विलीन झाली. पण सामान्य माणसाने विमानाने जावे, ही वाट तिने मोकळी केली. आज आमच्या भेंडीवाल्या मंडळींनी बंगळूरला जायचे धाडस केले, त्यात त्या वाटेचाही वाटा आहे.

मागे राहण्याची भीती

लवकर चेक-इन करण्याचे आणखी एक कारण आहे आणि ते जागेपेक्षा मोठे आहे. कंपन्या कधी कधी जागांपेक्षा जास्त तिकिटे विकतात. काही प्रवासी येत नाहीत, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते. पण एखाद्या दिवशी सगळेच आले, तर कोणाला तरी मागे ठेवावे लागते. अशा वेळी ज्याचे चेक-इन शेवटी झाले असेल, त्याच्यावर बहुधा ही पाळी येते.

आपले तिकीट पक्के असेल, आपण वेळेत पोहोचलो असू आणि तरी जास्त तिकिटे विकल्यामुळे विमानात घेतले नाही, तर गप्प घरी परतू नये. महासंचालनालयाचा नियम असा आहे, की कंपनीने ठरल्या वेळेपासून एक तासाच्या आत सुटणारे दुसरे विमान दिले नाही, तर भरपाई द्यावी लागते. चोवीस तासांच्या आतले विमान दिले तर एकेरी मूळ भाडे आणि इंधन आकार यांच्या दुप्पट, जास्तीत जास्त दहा हजार रुपये. त्याहून उशिराचे दिले तर चौपट, जास्तीत जास्त वीस हजार रुपये. नियम प्रवाशाच्या बाजूने आहे, पण तो वेळेत हजर असलेल्याच्या बाजूने आहे. उशिरा आलेल्याला तो काहीच देत नाही.

मोबाईल नसला, किंवा असूनही जमले नाही, तरी घाबरू नये. टाळेबंदीनंतर मे २०२० मध्ये विमाने पुन्हा सुरू झाली तेव्हा मोबाईलवरचे चेक-इन सक्तीचे झाले होते. पुढे खिडकीवर येणाऱ्याकडून काही कंपन्या वेगळे पैसे घेऊ लागल्या. जुलै २०२२ मध्ये नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने स्पष्ट केले, की खिडकीवर बोर्डिंग पास देण्यासाठी जादा आकार घेता येणार नाही. तेव्हा तिथे कोणी पैसे मागितले, तर नम्रपणे विचारावे.

प्रवासाला निघणाऱ्यांसाठी

शेतकरी बंधू-भगिनींनो, आता शेतमालाच्या निमित्ताने, अभ्यासदौऱ्याच्या निमित्ताने, लेकीसुनांच्या निमित्ताने आपली माणसे विमानाने जाऊ लागली आहेत. त्यांच्यासाठी चार गोष्टी नीट ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत.

तिकीट हाती आले की त्याच दिवशी, सुटण्याच्या वेळेतून ४८ तास मागे मोजून ती वेळ दिनदर्शिकेवर लिहावी. एकत्र बसायचे असेल त्या सर्वांचे तिकीट एकाच पीएनआरवर काढावे. दार उघडताच चेक-इन करावे. बिनपैशाच्या जागा दिसत असतील तर त्यांतल्याच निवडाव्या. पैशाची जागा चुकून दाबली गेली तर पैसे भरण्यापूर्वी मागे यावे. बोर्डिंग पास मोबाईलमध्ये ठेवावा आणि मोबाईलची बॅटरी संपली तर अडचण नको म्हणून छापूनही घ्यावा. आधार किंवा मतदार ओळखपत्र हाताशी असावे. त्यावरचे नाव आणि तिकिटावरचे नाव जुळते ना, हे तिकीट काढतानाच बघावे.

घरून चेक-इन केले म्हणजे विमानतळावर उशिरा गेले तरी चालते, असे मात्र नाही. मोठे सामान द्यायचे असेल तर खिडकी देशांतर्गत विमानांसाठी सुटण्याच्या एक तास आधी बंद होते. चढण्याचे दार २५ मिनिटे आधी बंद होते. नवी मुंबईच्या रस्त्यांवर केव्हा गर्दी होईल याचा नेम नाही. दोन तास आधी दाराशी असावे, हे बरे. कोयता, विळा, खुरपे, छाटणीची कात्री यांतले काहीही हातातल्या पिशवीत नसावे. ते मोठ्या सामानात नीट गुंडाळून द्यावे. आमच्यातल्या एकाच्या खिशातला कलम करायचा चाकू तपासणीत गेला, तो गेलाच.

ज्याला मोबाईलवरचे हे काम जमते त्याने आपल्यापुरते न पाहता गावातल्या इतरांनाही करून द्यावे. प्रत्येक गावात आता शिकलेली मुले-मुली आहेत. त्यांना दोन मिनिटे लागतात, पण म्हाताऱ्या माणसाचा सारा प्रवास सुखाचा होतो. आमच्या गटाने परतीचे चेक-इन त्या कॉलेजातल्या मुलीकडूनच फोनवरून करून घेतले, दहाच्या दहा जणांचे, दार उघडताच. परतताना काकू खिडकीशी होत्या आणि लेक शेजारी होता. विमान खाली येऊ लागले तसे ढग विरळ होत गेले आणि मुलूख दिसू लागला. खाली खाडी चमकत होती, तिच्या काठाने तिवरांची हिरवी किनार होती आणि ओहोटीच्या चिखलावर पाण्याच्या वाटा झाडाच्या मुळांसारख्या पसरल्या होत्या. काकू बराच वेळ खाली पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “एवढं सगळं पाण्याचंच होतं होय रे?”

ज्यांना नवी मुंबईहून विमान पकडायचे आहे आणि हातात अर्धा दिवस आहे, त्यांनी सारसोळ्याची जेट्टी जरूर पाहावी. हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला नेरुळच्या पाणथळीवर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. ते ओहोटीला चिखलात चरतात आणि भरती आली की उठून आतल्या तळ्यांकडे जातात. जाण्यापूर्वी पंचांग उघडावे, तिथी पाहावी आणि तिची पाऊणपट करावी. पाणी केव्हा असेल, ते घरीच कळेल.